लघवी न लागण्याची फुशारकी

दिल्ली, ९ फेब्रुवारी १९८७

ती. बाबांना,
कमलिनीचा रागातला नमस्कार. मी इथं बरी आहे, वेळेवर जेवून राहिली.

धाकट्या देवीदासचं पत्र आलं. तुमी क्रेनवर चढले की ड्यूटी संपेपर्यंत खाली उतरत नाही, लघवी लागतच नाही, अन् हे भिलाईभर मिरवून राहिले म्हणे! दहा वर्षांची साखरेची बिमारी विसरले काय?

'उंदरांची आया' म्हणून मले हसता ना? मग ऐका. आमी इथं प्रयोगशाळेत उंदराच्या पिल्लाले मिरचीतला तिखट अर्क काढून त्याचं इंजेक्शन देतो. त्यानं जाणीव नेणाऱ्या नसा मरतात. मोठेपणी त्याची मूत्राची पिशवी फुगत जाते अन् त्याले पत्ताच नसतो. पिशवी धड असते, भरल्याची खबरच वर पोचत नाही. उंदीर मजेत खातो, फिरतो, तुमच्यासारखाच. फक्त तो फुशारकी मारत नाही.

साखरेनंही अशा नसा मरतात. ही ताकद नाही, बाबा. पायाले मुंग्या येतात काय? आई, तूच लिही, हे खोटं बोलतील.

लहानपणी दुर्ग स्टेशनावर गाडीत बसायच्या आधी तुमी मले दर वेळी दटावत होते, "लागली नसली तरी जाऊन ये." मी रडत-रडत जायची. आता तुमी माझं ऐका. हे पत्र खाली ठेवा, लागली नसली तरी जाऊन या, अन् मग सरळ दवाखान्यात जा.

तुमचीच,
कमलिनी