कडूबाईचा डाव

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची सुप्याला. खोली पत्र्याची आहे, पण नळ दारातच आहे आणि घरमालकीण अजून तरी गोड बोलते. कंपनीत पॅकिंगला दुपारपाळी मिळाली. एस्तेरला आईकडे घोडेगावला ठेवलंय. नाताळाच्या आत तिला इकडे आणायचं आणि शाळेत घालायचं, डोक्यात दुसरं काही नाही. सहा वर्षांची पोर, पण निघताना रडली नाही. रडले मीच, थेट नगर येईपर्यंत. माझा जुना मोबाईल तिच्याकडे दिलाय, रोज एकमेकींचं तोंड दिसावं म्हणून. आईकडे आपला साधा बटणांचा फोन आहे.

कंपनीची बस फाट्यावर येते, आणि वेळेवर यायचं तिच्या रक्तातच नाही. तेव्हा ही रोजनिशी तिची वाट बघत मोबाईलमध्येच लिहायची असं ठरवलंय.

६ नोव्हेंबर

फाट्यावरच्या शेडमध्ये आम्ही तिघी असतो. मेहताबभाभी मशीनवर आहेत, झुंबरबाई कँटीनला. बस येईपर्यंत दोघी भाभींच्या मोबाईलवर लुडो खेळतात. आता मलाही घेतलंय. भाभी पिवळी, झुंबरबाई निळी, मी लाल. हिरवी कुणाचीच नाही, तरी तिची पाळी चुकवत नाहीत. भाभी मोबाईल बाकाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे धरतात, जरा थांबतात, मग स्वतःच्या बोटानं फासा टाकतात. मी म्हटलं, रिकाम्या जागेला कशाला खेळवता? झुंबरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपलांसकट देवळात शिरले.

आणखी एक गंमत म्हणजे डाव कधी संपवत नाहीत. हिरवीची शेवटची गोटी घराच्या तोंडाशी आहे, पण नेमकं दान पडलं की भाभी मोबाईल खिशात घालतात आणि ते दान मागे घेऊन दुसऱ्या दिवशी डाव पुन्हा तिथूनच सुरू करतात. मला हरायला आवडत नाही, आणि न संपणारा खेळ तर मुळीच नाही.

११ नोव्हेंबर

हिरवी कुणाची ते झुंबरबाईंनी आज सांगितलं. कडूबाईची. ती त्यांच्याबरोबर कँटीनला होती. गेल्या उन्हाळ्यात इथेच, त्या कोपऱ्यात, भाभींचा मोबाईल हातात घेऊन मान खाली घालून बसली होती. डाव चालू होता. बस आली तेव्हा दोघींनी हाका मारल्या. ती काही हलली नाही. खेळात गुंगलीय, येईल मागून मोबाईल घेऊन, असं म्हणून दोघी चढल्या. पाळी संपवून परत आल्या तर ती तशीच बसलेली. भाभींनी खांद्याला हात लावला आणि ती बाकावरून कलंडली. डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेली होती.

झुंबरबाई म्हणाल्या, "आमी नुसता हात लावला आस्ता तर कळलं आस्तं गं. तिचा डाव आमी मोडत न्हाई. डाव हाय तवर ती हितंच बसून ऱ्हाती."

आणि डाव संपला तर, असं मी विचारलं. त्यावर त्या उठून बस येते का बघायला रस्त्याकडे गेल्या. मला दोघींची दया आली, थोडा रागही आला. मेलेल्या बाईला असं बाकावर जखडून ठेवायचं, ही कुठली माया?

१८ नोव्हेंबर

आज मी तो डाव संपवला. झुंबरबाई आल्या नव्हत्या, भाभी टपरीवर चहा सांगायला गेल्या होत्या आणि मोबाईल माझ्या हातात होता. सगळ्यांचे फासे मीच टाकत गेले. हिरवीला हवं ते दान पडलं, गोटी आत गेली, पडद्यावर कागदाचे रंगीत तुकडे उडाले. मी मनात प्रार्थना केली, बाई, आता जा आपल्या घरी. मला खरंच बरं वाटलं.

भाभींनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सिल्वी, घर आस्तं तर ती हितं कशाला बसली आस्ती? आता ती खेळायला दुसरं मानूस बघंल."

२० नोव्हेंबर

शेडमधून एस्तेरला व्हिडिओ कॉल केला. ती हसेना. माझ्या मागे बघत होती. म्हणाली, "मम्मी, ती आजी कोन हाय?"

माझ्या मागे नुसता बाक होता. वळून दोनदा बघितलं.

२२ नोव्हेंबर

आज एस्तेर म्हणाली, ती आजी आता आमच्याकडेच असती. ओट्यावर बसती. तिला लुडो लई आवडतो.

एस्तेरला लुडो येत नाही. मी कधी शिकवला नाही.

आईला फोन करून मोबाईल काढून घ्यायला सांगितलं. आई माझ्यावरच उखडली. तुझी वाट बघून पोर कंटाळती, जरा खेळली तर काय बिघडलं, म्हणाली. आजीबिजी कुणी आलेली नाही.

२४ नोव्हेंबर

रजा मागितली. साहेब म्हणाले, नवीन आहात, गेलात तर परत येऊ नका. नोकरी गेली तर एस्तेरला आणणार कुठं?

भाभींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, आईला सांग, पोरीला एकटी बसू देऊ नको. मानसात ठेव. सारखा हात लावत ऱ्हा. आईला तसं सांगितलं, तर ती हसली.

बाकाचा तो कोपरा आता मोकळाच वाटतो. तेच जास्त —

२५ नोव्हेंबर

एस्तेर कॉल उचलत नाही. आई म्हणते जेवली, झोपली. बरी आहे म्हणते.

नोकरी गेली खड्ड्यात. उद्या पहिल्या गाडीनं —

२६ नोव्हेंबर

सुपा स्टँड. पुण्याहून येणाऱ्या गाड्या गच्च भरून येतात, थांबतच नाहीत.

घोडेगावचा आज गुरांचा बाजार. आई घरासमोर तिच्या चहाच्या गाड्यावर असणार, म्हणजे एस्तेर घरी —

आईला फोन लागला. मागे गुरांचा गलका. त्यावर मोठ्यानं ओरडत होती. मी विचारलं, एस्तेर कुठंय? म्हणाली, "ओट्यावर बसलीय की, हितून दिसती मला. लई गुनी झालीय गं. सकाळधरनं मोबाईल घिऊन एका जागी बसलीय. हाक मारली तर मान बी वर करत न्हाई."

मी म्हटलं, आई, जा. तिला हात लाव. आत्ता जा. हात लावून —

कट झाला. ऐकलं की नाही कळलं नाही.

परत लावते. उचलत नाही. उचलत नाही.

गाडी आली. थांबली. लोक चढतायत. मी अजून खालीच, एक हात खांबाला, एका हाताने हे —

प्रभू, ती नुसती खेळत असू दे. नुसती —

आईचा फोन येतोय. वाजतोय. मी उचल