होंगीपुरतं नाक

मातिउदादा,

आईच्या अंत्यविधीला मराएच्या, आपल्या माओरी सभाघराच्या, अंगणात सगळे रांगेने एकमेकांच्या नाकाला नाक टेकवून होंगी करत होते. तुझी पाळी येताच मी स्वयंपाकघरात सटकलो. "अजून जमिनीच्या वाटणीचा राग धरून बसलाय," असं तू म्हणालास म्हणे.

दादा, राग केव्हाच गेला होता. नव्हतं ते नाक. कॅन्सरमुळे सगळंच काढावं लागलं. आधी तू बोलावंस म्हणून मी हट्टाने कळवलं नाही. त्या दिवशी होतं ते रबराचं, लोहचुंबकाने बसवलेलं. दिसतं झकास. मेरेआना म्हणते, "नवऱ्या, तुझ्या जुन्या बटाट्यापेक्षा हेच बरं!" पण होंगी केली असती तर तुला गार रबर लागलं असतं आणि मला काहीच लागलं नसतं.

आता डॉक्टरीणबाई म्हणतात, कपाळाचं कातडं खाली वळवून नाक करता येईल. तीन-चार ऑपरेशनं, कपाळावर व्रण, वर्ष मोडणार, आणि दिसायला रबरी नाकाच्या पासंगालाही पुरणार नाही. मेरेआना वैतागली, "चांगलं नाक असताना कशाला कापून घेतोस?" मी नाहीच म्हणणार होतो.

तेवढ्यात बाई सहज बोलून गेल्या, "सुरुवातीचे काही आठवडे नाकाला हात लावला, तरी तो कपाळाला लागल्यासारखा वाटेल."

होंगीत आपण नाक आणि कपाळ एकदमच टेकवतो, दादा. मी तिथेच सही केली.

हे पत्र टपालात टाकत नाही. पहिले टाके निघाले की मीच घेऊन येतो. दारातच वाच, काही विचारू नकोस, नुसता पुढे वाक.

तुझा धाकटा,
एरुएरा