परतीची वीज

ता. ३ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र.

उकाडा कसा आहे ते तुला सांगायला नको. टेकडीवरचं गवत वाळून कागद झालं आहे आणि पुढच्या आठवड्यात सोसाट्याचा वारा सुटणार असा अंदाज आहे. अशा वाऱ्यात एक तार तुटून ठिणगी पडली तर सगळी टेकडी पेटेल. म्हणून आमच्या वीज कार्यालयानं ठरवलं आहे की वारा सुटण्याआधीच टेकडीची लाईन बंद करायची आणि वारा पडल्यावर पायी फिरून, तारा तपासूनच पुन्हा सुरू करायची. फिरणाऱ्यांत मी आहे. खांबावर चढायची परवानगी मला मिळाली, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

पंप चालणार नाही, तर टाकी आणि पिंपं भरून ठेव. फ्रीज सारखा उघडू नकोस. घराभोवतीचं गवत कापून घे आणि कापलेलं तिथेच टाकू नकोस. मेणबत्ती नको, बॅटरी वापर. बॅटरीचे सेल तपास. तपासून झाले की पुन्हा एकदा तपास.

तुझी बदकांची अंडी उबवायची पेटी विजेवर चालते, तिची मला फार काळजी वाटते. अजून उपाय सुचलेला नाही. सुचला की लिहीन.

पंखा बंद असतानाही लोभ असावा, ही विनंती.
तुझा भाचा


ता. ६ मे

चि. कडीबहाद्दर यास,
अ. उ. आ.

शाळा अर्धवट सोडलीस, पण पत्रात एक वेलांटी चुकत नाही. सेल एकदाच तपासले. जग बुडालं नाही.

तू इथे राहायला आलास तेव्हापासून तुझं हेच. दाराची कडी लावायची, परत येऊन बघायची, मग पाणी प्यायच्या निमित्तानं आणखी एकदा. तुझे काका म्हणायचे, चोर आलाच तर या पोराच्या येरझाऱ्या बघूनच दमून जाईल. असा मुलगा खांबावर चढतो म्हणे! वर पोचेपर्यंत संध्याकाळ होत असेल.

गवत कापलं. समोरच्या घड्याळजींनी मदत केली, म्हणजे सावलीत बसून कुठे कुठे राहिलंय ते दाखवलं.

अंड्यांचं म्हणशील तर पिल्लं बाहेर पडायची वेळ नेमकी तुमच्या त्या वाऱ्यातच येते आहे. पेटीतला पंखा थांबला तर या उकाड्यात ती कवचातच उकडून जातील. तेव्हा मी एक बंदोबस्त केला आहे. काय ते सांगत नाही. सांगितलं तर तू त्यावर चार पानं लिहिशील आणि ती मला वाचावी लागतील.

खांबावर जपून. वरून कडी आठवली तर उडी मारू नकोस.
तुझी मावशी


ता. १२ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला काहीही झालेलं नाही, हे आधीच लिहितो, म्हणजे तू शेवटाकडे उडी मारणार नाहीस.

वारा काल पडला. आज सकाळी आम्ही लाईन तपासायला निघालो. तुझ्या घराखालच्या वळणावर एक फांदी मोडली होती आणि तार गवतावर पडली होती. लाईन बंद होती, मुख्य स्विचच्या कुलपाची किल्ली आमच्या लाईनमनदादांच्या खिशात होती. दादांनी तार उचलायला सांगितली. मी म्हटलं, आधी तपासतो. सगळे हसले. कुलूप लावताना मी ते दोनदा ओढून पाहिलं होतं, त्यावरूनही हसून झालं होतं.

काठीवरचा टेस्टर तारेजवळ नेला, तर त्याचा दिवा लागला. दादा म्हणाले, टेस्टर बिघडलाय. मी दुसरा लावला. त्याचाही लागला. मग कोणी हसलं नाही. बघता बघता तारेच्या टोकाशी धूर निघाला आणि हातभर गवत जळालं. आम्ही लांबूनच माती टाकून ते विझवलं. थोड्या वेळानं तारेतली वीज आपोआप गेली.

टेकडीवरच्या कोणीतरी लाईनमध्ये उलटी वीज सोडली होती. कोण ते कळलेलं नाही. उद्यापासून घरोघर विचारणार आहोत. तुझ्याकडे कोणी आलं तर पाणी दे, उन्हाचे फिरतात.

पिल्लांचं काय झालं? लगेच कळव.
तुझा भाचा


ता. १२ मे

चि. कडीबहाद्दर यास,
अ. उ. आ.

बंदोबस्त फत्ते! आता सांगते. जुन्या बाजारातून जनरेटर आणला. आधी नुसती पेटी त्याला जोडली होती. आज सकाळी घड्याळजींनी डोकं चालवलं. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून दिली. एक टोक यंत्रात, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये, आणि सगळं घर लख्ख! तुम्ही टेकडी अंधारात ठेवलीत आणि मी पंख्याखाली बसून पेपर वाचला.

गंमत म्हणजे समोर घड्याळजींच्या ओट्यावरचा दिवाही मिणमिणायला लागला. ते म्हणाले, तुमची वीज ओसंडून आमच्याकडे आली. मी म्हटलं, घ्या, शेजारधर्म. यंत्र मात्र धापा टाकायला लागलं आणि थोड्या वेळानं बंद पडलं. तोवर पिल्लं बाहेर आली होती. पिवळा नुसता गोंधळ आहे घरात.

आता लिही चार पानं.
तुझी मावशी


ता. १५ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली. माझं तू वाचलंच असशील. घड्याळजींचा दिवा कशानं लागला, तेही तुला कळलं असेल.

तरी लिहितो. भिंतीतून घातलेली वीज घरात थांबत नाही. मीटरमधून मागे खांबावर जाते. तिथल्या रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी गेली की ती कितीतरी पटीनं जोरदार होते आणि आम्ही बंद समजून हात लावतो त्या तारेत उतरते.

दादांना खरं सांगितलं. ते म्हणाले की मावशीला रागावू नकोस. रविवारी ते स्वतः येऊन असा स्विच बसवून देणार आहेत की घरात एक तर बाहेरची वीज येईल, नाहीतर यंत्राची. दोन्हींची गाठ पडणार नाही. तोवर ती वायर वापरू नकोस.

बंदोबस्त आधी कळवला असतास तर मी चार पानं लिहिली नसती. एकच ओळ लिहिली असती.

पिल्लं वाचली, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.
तुझा भाचा


ता. १८ मे

चि. बाळ,
अ. उ. आ.

वायरीचे मी विळीवर तुकडे केले. घड्याळजी दोन दिवस ओट्यावर आले नाहीत. काल आले आणि तू कसा आहेस एवढंच विचारून गेले.

दादा आले, स्विच बसवला. जेवताना त्यांनी सांगितलं की टेस्टर बिघडलाय समजून ते स्वतःच ती तार उचलणार होते, पण तू वाट अडवून उभा होतास. हे तू लिहिलं नव्हतंस. बंदोबस्त लपवण्यात तूही काही कमी नाहीस.

पिल्लांत एक आहे, पाण्यात उतरायच्या आधी पाय बुडवतं, मागे घेतं, परत बुडवतं. बाकीची पोहून बाहेर येतात तोवर याचा तपास चालूच. त्याला तुझं नाव ठेवलं आहे. ते मी विकणार नाही.

दिवेलागणीला कडी लावली की मी आता परत जाऊन बघते. मग पाणी प्यायच्या निमित्तानं आणखी एकदा. शेजारी हसतात. हसू देत.

लोभ असावा असं थोरांनी धाकट्यांना लिहायची रीत नाही. तरी लिहिते. लोभ असू दे रे.
तुझी मावशी