रक्तावर वाढवलेले जंतू

मंगळवार, १२ जून १९७९, नाशिक रोड

आज लॅबमध्ये मी हरसूलच्या एका बापाच्या कानाखाली मारली. हात अजून चुरचुरतोय.

त्याची पोर पहाटे गेली. कोणतं औषध लागू पडेल ते कळावं म्हणून तिच्या जखमेतले जंतू मी काचेच्या बशीत, मेंढीच्या रक्तावर वाढवले होते. ती बशी त्याला दाखवायची गरजच काय होती मला?

“माझी पोर यानं खाल्ली, आन तुम्ही याला रक्त पाजता?” म्हणत त्यानं बशीवर बुक्की हाणली. काचा मुठीत घुसल्या. मी स्पिरिट घेऊन धावले, तर मूठ उघडेना. “ऱ्हाऊ द्या बाई. मलाबी होऊ द्या.”

तेव्हाच मारली. मूठ सोडवून अख्खी बाटली ओतली. तो हूं की चूं करेना. किंचाळत होते ती मीच.