तपकिरी सोनं

प्रिय अब्बा,

उद्या मी तुमचा सोन्याचा मणी पुन्हा चांदीत मिसळून वितळवणार आहे. आधी तुम्हाला सांगावं, म्हणून हे पत्र.

ब्रह्मपुरीत तुम्ही जन्मभर सोन्याची गलाई केलीत. सोन्यात चांदी मिसळायची, तेजाबात ती चांदी विरघळवायची आणि खाली उरलेलं तपकिरी, भुसभुशीत सोनं कुणाच्या नजरेस पडायच्या आत वितळवून चकचकीत करायचं. गिऱ्हाईक ते बघून घाबरतं, म्हणायचात. मी नागपूरला त्याच तपकिरी सोन्यावर पीएचडी करते, हे तुम्हाला कधी पटलंच नाही, नाही का?

तुम्ही दिलेल्या सोन्याचा तसा तपकिरी तुकडा मी घरी दाखवायला आणला. माझ्या सगळ्या तुकड्यांत तोच सरस होता. बंद खोलीत शेगडीतून निघतो ना, तो विषारी वायू त्याच्यावरून गेला की निरुपद्रवी व्हायचा. मी अम्मीबरोबर बाजारात गेले. परत येते तर तुम्ही खोकत भट्टीपाशी बसलेले आणि बशीत लखलखीत मणी.

"बेटा, तू अधुरंच सोडलं होतं. मी साफ करून देलं."

राग आला मला. पण तुम्ही इतके खूश दिसत होतात की बोलले नाही. आता बोलते. वजन गुंजभरही घटलं नव्हतं, पण वायूवरचं त्याचं काम संपलं होतं. त्या तुकड्यात अतिशय सूक्ष्म छिद्रं होती. त्यांच्या भिंतींवर अणूंच्या पायऱ्या असतात. पायरीच्या कडेच्या अणूला शेजारी कमी, म्हणून तो मोकळा, आणि तोच वायूला धरतो. मण्यात अणू दाटीवाटीनं बसलेत, मोकळा जवळजवळ कुणीच नाही. उरलेल्या जराशा चांदीला तुम्ही खोट म्हणायचात, पण तीही या कामात मदत करते. कसं समजावायचं होतं तुम्हाला हे?

त्यानंतर तुम्ही गेलात, तुमची भट्टी पुन्हा पेटली नाही. अम्मी म्हणते, "त्यायच्या हातचं आखरी काम हाये. मोडू नको."

पण त्याच सोन्यावर प्रयोग पुन्हा करून दाखवल्याशिवाय माझा प्रबंध पुरा होत नाही. मणी मोडायचा, हे मला टोचतं. फार टोचतं. तरी मोडणार आहे. तुम्ही ते सोनं मला कामाला दिलं होतं, ठेवायला नाही.

एक वचन देते. या वेळी ते तपकिरी झालं की आधी अम्मीला दाखवीन, आणि हे सोनंच आहे, तुमचंच आहे, हे तिला पटेपर्यंत शेजारी बसून सांगत राहीन.

तुमची,
रुबिना