बॉनेटची आरती

नाशिक, मंगळवार

चि. सौ. प्रतिभा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आणि इगतपुरीचा पाऊस, दोन्ही बेताने वागत असतील अशी आशा आहे. फोनवर तू मधेमधे "हो ना गं ताई" करून माझा राग पातळ करतेस, म्हणून पत्र. विषय : तुझा चिरंजीव जीवन.

येत्या रविवारी वणीला देवीची ओटी भरायला मी स्वतः गाडी चालवत जाणार, असं अख्ख्या सोसायटीला सांगून बसले आहे. (हे म्हणाले, "घाटापर्यंत तरी पोहोच." हे असंच बोलतात.) तर जीवन म्हणाला, "मावशी, नव्या गाडीला जरा शोभा आणू," आणि तिला पंचवटीत झुंबर नावाच्या माणसाकडे घेऊन गेला. (नाव झुंबर, धंदा गाडीत दिवे लावण्याचा. आईबापांची दूरदृष्टी!) त्याने पायाशी निळे दिवे लावले आणि रिव्हर्स घेताना आरतीची चाल वाजवणारं यंत्र बसवलं. कसं? गाडीच्या चांगल्या वायरी मधेच सोलून, आपल्या वायरी त्यांना पिळून, वर चिकटपट्टी. फ्यूज वगैरे चोचले नाहीत. कॉन्व्हेंटात आमच्या शिवणाच्या सिस्टरनी असलं काम पाहिलं असतं तर उसवायला लावून वर हातावर पट्टी मारली असती.

दुसऱ्या दिवसापासून ब्रेक दाबला की वायपर हलू लागला. हे म्हणाले, "तुला अच्छा करतेय." मी दुर्लक्ष केलं. शनिवारी भाजीबाजाराच्या गल्लीत गाडी मागे घेतली, आरती सुरू झाली आणि थांबेचना. गाडी पुढे घेतली तरी आरती, किल्ली काढली तरी आरती! सुमनबाई भाजीवालीने तराजू ठेवून हात जोडले, रिक्षा थांबल्या, दोघांनी टाळ्यांचा ठेका धरला. आरती चालू असताना कोण हलणार? तेवढ्यात बॉनेटमधून धूर. मी उतरून "लांब व्हा!" म्हणून ओरडतेय आणि सुमनबाई पुढे येऊन धुरावरून हात फिरवून डोळ्यांना लावतेय! "आरती टाळू नये, बाई." शेवटी एका रिक्षावाल्याने बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली आणि मला म्हणाला, "झाली आरती, काकू. प्रसाद?"

गाडी ओढत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथली इंजिनिअर तेजस्विनी आत डोकावून म्हणाली, "मॅडम, ह्याला अर्थच नाहीये." मी म्हटलं, "बाळ, हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." मग कळलं, ती अर्थिंगबद्दल बोलत होती. हल्लीच्या गाड्यांना कॉम्प्युटर असतो म्हणे, आणि अशा उपऱ्या वायरींमुळे त्याला भलतेच निरोप जातात. आमचा तर जळालाच. नवा यायला पंधरवडा, आणि वायरी सोलल्या म्हणून वॉरंटी नाकारली. जीवन काय म्हणाला? "मावशी, धूर थोडाच होता."

तुझी,
ताई

ता. क. त्याला रागावू नकोस. माझं रागावून झालंय, तुला काही शिल्लक नाही.

ता. क. तुझी जुनी गाडी घेऊन शनिवारीच ये. वणीला मी चालवीन. तुझीही पांढरीच आहे. फाटकातून निघताना तू मागे जरा खाली वाकून बस, म्हणजे गच्चीतून बघणाऱ्या सोसायटीला गाडी तुझी आहे हे कळणार नाही.

ता. क. आरतीचं यंत्र शाबूत आहे. टाकवत नाही गं, चाल फार गोड आहे. तुझ्या गाडीत कॉम्प्युटर नाही ना? झुंबर म्हणाला, ह्या वेळी फ्यूज लावून देतो.