दोन सळया

३ मे

घर मिळालं! खाली दोन खोल्या, वर एक, आणि गच्चीवर आधीच्या भाडेकरूने उभारलेला लोखंडी खांब आयता. अँटेनासाठी मला फारसं काही करावंच लागलं नाही. वायरलेस सेट खालच्या खोलीत फ्रीजला खेटून मांडला. घरमालकीणबाईंनी एकच बजावलं, आभाळ आलं की सेटमागची वायर काढून खिडकीबाहेर टाका. आधीच्या भाडेकरूची बायको याच खोलीत वीज लागून गेली म्हणे. मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांना घाबरायला काहीतरी लागतंच.

५ मे

वायरमन आला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. म्हणे अँटेनासाठी जमिनीत ठोकाल ती सळई घराच्या अर्थिंगला जाड तारेने जोडा. एका घरात दोन अर्थिंग म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. वीज पडली आणि कुणाचा एक हात सेटवर, दुसरा फ्रीजवर असला, तर ती त्याच्या अंगातून वाट काढेल. घराला जोडलं की फ्रीजची खरखर रेडिओत शिरते, हे या गाढवाला कोण सांगणार? त्याला चहाही न विचारता वाटेला लावला आणि मागच्या अंगणात माझी वेगळी सळई ठोकली.

ठोकताना वीतभर अंतरावर जुनी सळई सापडली. टोक मेणबत्तीसारखं वितळलेलं. आधीच्या महाशयांनीही ती घराला जोडली नव्हती, पण त्यांची जेमतेम दोन फूट खोल. माझी सहा फूट आहे.

९ मे

रोज दुपारी चारला सेटवर एक माणूस येतो. नाव नाही, गाव नाही. कुणा वायरमनला शिव्या घालतो. गाढव म्हणतो, अर्ध्या हळकुंडाने पिवळा म्हणतो. हे शब्द मी फक्त या वहीत लिहिले होते.

बायको म्हणते, बंद करा तो सेट. भित्री भागूबाई.

११ मे

आज तो रडत होता. आभाळ आलं होतं, मी भ्यालो, वायर काढायला तिला पाठवलं, असं पुन्हा पुन्हा. बायकोला पुढे करणारा नेभळट! मला हसू आलं. मग पाहिलं, सेटचं बटण बंद होतं.

१२ मे, दुपार

वायरमनला फोन केला. हात जोडायचेच बाकी ठेवले. संध्याकाळी येतो म्हणाला. आभाळ भरलंय. आम्ही दोघं वरच्या खोलीत. सेट खाली, बंद, आणि तरी बोलतोय. आता बाईचा आवाज — माझ्या बायकोचा. ती तर इथे शेजारी उभी आहे. तिला काहीच ऐकू येत नाही म्हणते. मला स्पष्ट येतंय — काढली हो वायर, पण हात —

पाच मिनिटांनी

वायर काढायलाच हवी. माझा पाय जिन्यावर पडत नाही. ती म्हणाली, तुम्ही बसा, मी काढते. मी —

मी हो म्हणालो.

नेभळट. मीच लिहिलंय, कालच.

तिची पावलं खाली पोचली. फ्रीजला हात लावू नकोस, हे सांगायचं राहिलं — आता ओरडून सांगतो —

खिडकी पांढरी झाली.

सेट गप्प. आता आवाज तिचाच, खरा, खालच्या खोलीतून —

काढली हो वायर, पण हात